शेतातली कला आणि डोंगरातली पायवाट: जपानमधल्या एचिगो-त्सुमारीची ओळख



यावेळचा पाठ निबंध जरा लांबच्या गावचा आहे. जपान म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे बुलेट ट्रेन, रोबोट आणि कार्टून येतं. मोठ्यांच्या डोळ्यांपुढे हिरोशिमा. पण जपानमध्ये खेडी आहेत, तिथे भाताची खाचरं आहेत, बांध आहेत, पाठीतून वाकलेल्या आज्या आहेत आणि मुलं नाहीत म्हणून कुलूप लागलेल्या शाळाही आहेत, हे आपण फारसं सांगत नाही. परिसर अभ्यास शिकवताना मला असा एक भाग हवा होता जिथे भूगोल, शेती, चित्रकला आणि शाळा या चारही गोष्टी एकाच वाटेवर भेटतील. तो एचिगो-त्सुमारी या नावाने सापडला. मी स्वतः तिथे गेलेले नाही. नकाशा, छायाचित्रं आणि वाचन यांच्या आधाराने वर्गात ही सफर घडवते. तुम्हीही घडवू शकाल, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी नकाशा काढा. जपानचं मुख्य बेट होन्शू. त्याच्या पश्चिमेच्या किनाऱ्याला, जपानच्या समुद्राकडे तोंड करून निइगाता नावाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिण टोकाला डोंगरात तोकामाची हे शहर आणि त्सुनान हे छोटं गाव. या दोन्ही मिळून जो भाग होतो त्याला एचिगो-त्सुमारी म्हणतात. क्षेत्रफळ सुमारे ७६० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा बराच मोठा. आणि एवढ्या पसाऱ्यात जवळपास २०० वाड्यावस्त्या विखुरलेल्या.

हिवाळ्यात सायबेरियाकडून थंड वारा निघतो, जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो, डोंगराला धडकतो आणि सगळं ओझं बर्फाच्या रूपात इथेच टाकतो. आपल्याकडे पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात आणि कोकणात धो धो पडतो, तीच गोष्ट, फक्त पाण्याऐवजी बर्फ. मुलांना हे लगेच कळतं, फळ्यावर एकच आकृती दोन वेळा काढायची. इथे दोन-तीन मीटर बर्फ साचणं ही नवलाची गोष्ट नाही. पुष्कळ घरांचा तळमजला काँक्रीटचा आणि उंच, राहायची जागा त्याच्या वर. छपरावरचा बर्फ खोऱ्याने खाली ओढावा लागतो, नाहीतर घर दबतं. आता विचार करा, घरातली तरुण मंडळी टोकियोला गेली आणि मागे पंचाहत्तरीचे आजी-आजोबा राहिले, तर छपरावर चढणार कोण?

तरीही माणसं इथे शेकडो वर्षं भात पिकवत आली. डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची खाचरं, त्यांना जपानीत तानादा म्हणतात. सपाट जमीन कमी पडली तेव्हा लोकांनी नदीचं नागमोडी वळणच मध्ये कापलं, नदी सरळ वाटेने वळवली आणि वळणाच्या मोकळ्या झालेल्या पात्रात भात लावला. या युक्तीला सेगाए असा शब्द आहे. नदीच्या वळणाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर वापरा. मुलं म्हणतात, "बाई, नदीची वाट चोरली म्हणजे!" चोरली म्हणा किंवा मागून घेतली म्हणा, पण फावडं-कुदळीने केली. पुढे याच भागात कोशिहिकारी नावाचा तांदूळ पिकू लागला. तोकामाची-त्सुनान ज्या उओनुमा पट्ट्यात येतात तिथला तांदूळ जपानमध्ये सर्वांत नावाजलेला.

मग माणसं का गेली? कारण तेच, जे आपल्याकडेही गावोगावी ऐकू येतं. डोंगरातल्या छोट्या तुकड्यांवर यंत्र चालत नाही, खर्च सुटत नाही, नोकरी शहरात. जपानमध्ये त्यात जन्मदर घटण्याची भर पडली. मुलं कमी झाली, शाळा बंद पडल्या.

इथे फ्राम कितागावा यांचं नाव येतं. त्यांचा जन्म १९४६ चा, याच निइगाता प्रांतातला. टोकियोत राहून कलाप्रदर्शनं भरवणारे हे गृहस्थ. १९९० च्या दशकात त्यांनी मांडलं की या भागात जगभरातले कलाकार बोलवू, त्यांनी गावात राहून, गावकऱ्यांशी बोलून, उघड्या माळावर, खाचरात, रिकाम्या घरात कलाकृती कराव्यात, आणि दर ३ वर्षांनी त्याचा उत्सव व्हावा. तेव्हा तिथे ६ वेगवेगळ्या नगरपालिका-ग्रामपालिका होत्या (त्यांतल्या ५ पुढे २००५ मध्ये एकत्र होऊन आजचं तोकामाची झालं). सगळीकडून विरोध झाला. गावात रस्ता हवा, दवाखाना हवा, बर्फ उपसायला माणूस हवा, आणि हे चित्रं घेऊन आले! मला हा विरोध अगदी रास्त वाटतो. आपल्या ग्रामसभेतही हेच झालं असतं. कितागावा वर्षानुवर्षं गावोगाव बैठका घेत राहिले आणि अखेर २००० साली पहिला उत्सव झाला. तेव्हापासून तो चालू आहे. मध्ये महामारीमुळे २०२१ चा पुढे ढकलून २०२२ ला घेतला, त्यानंतरचा २०२४ ला झाला. २०१८ च्या उत्सवाला ५ लाखांहून जास्त लोक येऊन गेले. उत्सव संपल्यावरही सुमारे २०० कलाकृती तिथेच कायम असतात.

कितागावांचा एक निर्णय मला शिक्षक म्हणून फार आवडला. पाहणाऱ्यांच्या सोयीसाठी सगळ्या कलाकृती एका जागी ठेवणं सोपं होतं. त्यांनी मुद्दाम गैरसोय केली. एक कलाकृती या वाडीत, दुसरी डोंगरापलीकडच्या वाडीत. म्हणजे माणसाला चालावं लागतं, बांधावरून जावं लागतं, वाटेत कुणा आजीला पत्ता विचारावा लागतो, ती काकडी हातावर ठेवते. कलाकृती हे निमित्त, पाहायचं ते मधलं सगळं. सहलीला मुलांना बसमधून उतरवून "हे बघा, ते बघा, चला बसा" करणाऱ्या आपण सगळ्यांनी यावर जरा थांबून विचार करायला हरकत नाही.

चला, आता चालू लागू. सगळं क्षेत्र पायी होणार नाही, त्यासाठी बस किंवा गाडी लागते. पण मात्सुदाई या छोट्या रेल्वे स्टेशनपासून सुरू होणारी वाट पायीच करायची आहे, आणि वर्गातल्या सफरीसाठीही तीच सोयीची.

स्टेशनातून बाहेर पडून नदीकडे काही मिनिटं चाललात की पांढरी, पाय फाकवून उभ्या राहिलेल्या कोळ्यासारखी एक इमारत दिसते. तिचं नाव नोबुताई, साधा अर्थ शेतीचा रंगमंच. एमव्हीआरडीव्ही या डच वास्तुरचनाकार मंडळींनी ती २००३ मध्ये बांधली. ती पायांवर अधांतरी का उभी, हा प्रश्न मुलांना आधी विचारा, उत्तर नंतर द्या. बर्फाचा प्रदेश आहे हे आठवून कुणीतरी बरोबर सांगतंच: खालची जागा हिवाळ्यात बर्फाविना मोकळी राहते. आतल्या उपाहारगृहात गावातल्या बायका तिथल्याच भाज्या-तांदळाचं जेवण करून वाढतात.

या इमारतीत एक खोली आहे ती आपल्यासाठीच केली आहे असं वाटतं. तात्सुओ कावागुची या कलाकाराने तिथे फळ्याचा वर्ग केला आहे. भिंत, फरशी, बाकं, टेबल, सगळं फळ्याच्या हिरव्या रंगाने रंगवलेलं. हातात खडू घ्यायचा आणि वाटेल तिथे लिहायचं. बाकावर लिहू नका, भिंतीवर रेघोट्या मारू नका, हे दिवसातून दहा वेळा सांगणारे आपण! मी हे सांगितलं तेव्हा वर्गात जो गलका झाला तो तुम्ही कल्पनेनेच ऐका. आमच्याकडे व्हरांड्याच्या कठड्याचा खालचा भाग मुलांनी काळा रंगवून घेतला आहे. डबा खाऊन झाला की पहिलीची पोरं तिथेच असतात.

नोबुताईच्या निरीक्षणाच्या जागेवर उभं राहून नदीपलीकडे पाहायचं. समोरच्या डोंगरउतारावर भाताची खाचरं, आणि त्यांत निळ्या-पिवळ्या रंगाच्या सपाट मानवी आकृती: कुणी नांगरतंय, कुणी पेरतंय, कुणी रोप लावतंय, अगदी तांदूळ विकायला नेण्यापर्यंतची कामं. तुमच्या डोळ्यांसमोर अक्षरांची एक चौकट टांगलेली असते. बरोबर जागेवर उभं राहिलं की चौकटीतल्या ओळी आणि पलीकडच्या आकृती एकमेकांवर येऊन बसतात. डोंगर म्हणजे चित्रांच्या गोष्टीचं उघडलेलं पानच होतं. हे काम इल्या आणि एमिलिया काबाकोव या जोडप्याचं, २००० सालचं. इल्या काबाकोव सोव्हिएत काळात पोटासाठी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढत. २०२३ मध्ये ते वारले. पण जोडून सांगायची गोष्ट आहे ती शेतमालकाची. आधी त्याने नकार दिला होता. पिढ्यांची जमीन, तीत पुतळे कशाला? शिवाय वय झालेलं, शेती सोडायचाच विचार. पुढे काबाकोवांचा आराखडा पाहिला, आपल्या बर्फातल्या कष्टाची या परक्या माणसाला जाण आहे हे त्याला पटलं, आणि त्याने होकार दिला. शेती लगेच सोडलीही नाही, आणखी काही वर्षं केली.

आणि इथे मुलांना एक गोष्ट नीट दाखवा. आकृती शेताच्या कडेला आहेत, भात खरा आहे. त्याला पाणी द्यावं लागतं, तण काढावं लागतं, कापावं लागतं. शेत पडीक झालं तर काबाकोवांची कलाकृतीही मेली. म्हणून या भागात तानादा बँक नावाची योजना चालते. शहरातली माणसं वर्षाला पैसे देऊन खाचराचे पालक होतात, जमेल तेव्हा लावणी-कापणीला येतात आणि सुगीनंतर त्यांना तांदूळ मिळतो. त्यापुढची गंमत म्हणजे २०१५ मध्ये इथे एफसी एचिगो-त्सुमारी नावाचा मुलींचा फुटबॉल संघ सुरू झाला. खेळाडू बाहेरून येऊन इथेच राहतात, सामने खेळतात आणि खाचरंही कसतात. गुडघाभर चिखलातल्या फुटबॉलपटू! मुलींना हे जरूर सांगा. मुलांनाही.

नोबुताईपासून वर डोंगराकडे पायवाट जाते, तिच्या दोन्ही अंगांना कलाकृती भेटत राहतात. यायोई कुसामा यांचं भलंमोठं ठिपक्या-ठिपक्यांचं रंगीत फूल इथलंच, २००३ चं. त्याच्या आसपास पास्काल मार्थिन तायू या कॅमेरूनच्या कलाकाराचं काम आहे: प्रचंड मोठ्या रंगीत पेन्सिली, टोक खाली करून डोक्यावर टांगलेल्या, प्रत्येकीवर एका देशाचं नाव. खालून चालायचं आणि आपला देश शोधायचा. वर्गात हे करणं अगदी सोपं आहे. आम्ही पुठ्ठ्याच्या नळ्या रंगवल्या, छताच्या वाशाला सुतळीने बांधल्या आणि देशांऐवजी मुलांच्या आजोळच्या गावांची नावं लिहिली. एका मुलाच्या आजोळचं गाव धरणाखाली गेलेलं. त्याने तेही लिहिलं.

धरणावरून आठवलं. या भागातून शिनानो नदी वाहते. ३६७ किलोमीटर, जपानची सर्वांत लांब नदी. तिचं पाणी तोकामाचीजवळच्या बंधाऱ्यावरून वळवून वीज तयार होते आणि टोकियोच्या लोकलगाड्या त्यावर चालतात. युकिहिसा इसोबे या कलाकाराने २००० मध्ये असं केलं, की नदीचा जुना वळणावळणाचा मार्ग जिथून जात होता, तिथे आजच्या भातशेतातून सुमारे साडेतीन किलोमीटर पिवळ्या निशाणांचे सुमारे ६०० खांब रोवले. कलाकृतीचं नाव, नदी कुठे गेली? बस, एवढंच. ना पुतळा, ना रंग. पण खांबांच्या रांगेकडे पाहून म्हातारी माणसं नदीच्या आठवणी सांगू लागली तर त्यात नवल नाही. तुमच्या गावात जुना ओढा, बुजवलेली विहीर, गेलेला वड असेल तर दहा काठ्या आणि जुन्या साडीच्या चिंध्या पुरतात. मुलांनी आधी आजोबांना विचारायचं, मग काठी रोवायची. इतिहासाची साधनं हा धडा यापेक्षा चांगला कसा शिकवणार?

अजून कितीतरी आहे, पण सगळं सांगत बसत नाही. छप्पर सरकवून आकाश पाहायचं घर आहे, रात्री झोपून सकाळी पडलेलं स्वप्न वहीत लिहायचं घर आहे, नाकासातो भागात बुजगावण्यांची बाग आहे. कियोत्सु दरीतला बोगदा तर फार गाजला आहे. ७५० मीटर लांबीच्या बोगद्याच्या शेवटी जमिनीवर पाणी पसरलेलं आणि त्यात दरीचं उलटं प्रतिबिंब. २०१८ मध्ये चीनच्या मॅड या वास्तुरचनाकार मंडळींनी तो तसा केला. फोटो सगळीकडे दिसतात, म्हणूनच वर्गात मी त्याला दोन मिनिटंच देते. मुलांना जास्त आवडतो तो बर्फ उपसणाऱ्या यंत्रांचा नाच. मिअर्ले लेडरमन युकेलिस या अमेरिकन कलाकार बाईंनी २००३ मध्ये हिवाळ्यात रस्ते साफ करणाऱ्या चालकांना हाताशी धरून त्यांच्या अवजड यंत्रांचं नृत्य बसवलं होतं. उन्हाळ्यात ती यंत्रं तशी रिकामीच असतात. आपल्याकडे जेसीबी आला की गाव गोळा होतं, त्यामुळे हे समजवावं लागत नाही.

एक घर मात्र थांबून पाहायचं. होशितोगे नावाच्या वाडीत सुमारे २०० खाचरांचा उतार आहे, तिथे एक जुनं रिकामं घर होतं. जुन्'इची कुराकाके आणि त्यांचे निहोन विद्यापीठातले शिल्पकलेचे विद्यार्थी तिथे येऊन दोन वर्षांहून जास्त काळ छिन्नीने काम करत राहिले. भिंती, खांब, जमीन, तुळया, एकही जागा सोडली नाही. काजळी धरलेल्या काळ्या लाकडाखालून कोरीव, उजळ लाकूड निघालं. नाव दिलं, कात टाकणारं घर. २००६ च्या उत्सवात ते लोकांनी पाहिलं. त्याआधी २३ ऑक्टोबर २००४ ला या भागात मोठा भूकंप झाला होता, गावं आणखी रिकामी झाली होती, त्यामुळे २००६ च्या वेळी रिकाम्या घरांत काम करण्यावर भर होता. विद्यार्थी घरात राहिले, शेजाऱ्यांकडे जेवले. दोन वर्षं! आपल्याकडे कार्यानुभवाची वस्तू एका तासिकेत पूर्ण व्हायला हवी असते.

आता शाळांकडे येते, कारण हा निबंध लिहायला बसले ते खरं म्हणजे यासाठी.

मात्सुनोयामा भागात एक प्राथमिक शाळा बंद झाली होती. २००६ मध्ये क्रिस्तियाँ बोल्तान्स्की हे फ्रेंच कलाकार आणि त्यांचे प्रकाशयोजनाकार सहकारी जाँ काल्माँ यांनी ती सगळी शाळाच कलाकृती केली. नाव, शेवटचा वर्ग. खेळाच्या सभागृहात जमिनीवर पेंढा पसरलेला, अंधार, खाली लोंबणारे मंद दिवे, बाकांवर फिरणारे पंखे. एका खोलीत हृदयाचे ठोके ऐकू येतात. मुलांच्या आठवणीचं काही नेमकं सांगितलेलं नाही, फक्त इथे कुणीतरी होतं एवढं जाणवतं. खरं सांगू, हे मी मुलांना दाखवत नाही. चौथीच्या मुलांना ते भुताचं घर वाटेल, आणि एवढ्या लहान वयात शाळा अशी दिसू नये असं मला वाटतं. पण तुम्ही शिक्षक असाल तर एकदा फोटो बघा. आपण रोज ज्या जागेत ओरडतो, हसतो, हजेरी घेतो, ती शांत झाल्यावर काय उरतं ते दिसतं.

मुलांना दाखवते ती दुसरी शाळा. सानादा प्राथमिक शाळा २००५ मध्ये बंद झाली. शेवटी ३ मुलं उरली होती. सेइझो ताशिमा हे मुलांसाठी चित्रपुस्तकं करणारे जुने, नावाजलेले चित्रकार. त्यांनी २००९ मध्ये त्या शाळेचं चित्रपुस्तक केलं. म्हणजे कागदावरचं नाही, इमारतच पुस्तक. समुद्रातून वाहून आलेली लाकडं, बिया आणि रंग यांपासून त्यांनी ती ३ मुलं घडवली, त्यांचे गुरुजी घडवले, आणि त्या शाळेत राहणारा एक राक्षस घडवला. तो माणसं खात नाही, आठवणी खातो. बंद शाळेत आठवणींचा साठा मोठा, म्हणून तो तिथे राहायला आलाय. मग ती मुलं शाळेत परत येतात... पाहणारा माणूस एका वर्गातून दुसऱ्या वर्गात चालत ही गोष्ट वाचतो. पानं उलटायच्या ऐवजी दारं ओलांडायची. याच गोष्टीचं छापील पुस्तकही त्यांनी केलं, त्याच्या नावाचा अर्थ होतो: शाळा रिकामी होणार नाही.

राक्षस आठवणी खातो म्हटल्यावर आमच्या तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "मग त्याला न खाता येणारी आठवण कोणती?" वर्ग तिथेच थांबवला आणि पाटीवर प्रत्येकाने शाळेची एक आठवण लिहायची असं ठरवलं. पडलेला दात, खिचडीत सापडलेली लवंग, साप निघाला तो दिवस. दुसऱ्याने विचारलं की त्या ३ मुलांना आता स्वतःच्या शाळेत जायला तिकीट लागतं का? मी म्हटलं, पत्र लिहून विचारूया.

आमच्या शाळेचा पट १७ आहे. दोन शिक्षकी शाळा. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा २०२३ पासून तुम्हीही ऐकत आहात, त्यामुळे मी हे कुठल्या मनाने वाचते ते वेगळं सांगायला नको. पण भाबडेपणा नको. एचिगो-त्सुमारीमध्ये कलेने गावं वाचली असं म्हणणं खोटं होईल. तिथली लोकसंख्या आजही घटते आहे. बंद झालेल्या शाळा पुन्हा भरल्या नाहीत, एकाही फुलाने किंवा पेन्सिलीने पट वाढला नाही. जे घडलं ते एवढं, की कुलूप लावून पावसात कुजत पडायची ती इमारत उघडी राहिली, गावातल्या काहींना तिथे काम मिळालं, सुट्टीत बाहेरची मुलं आत पळू लागली, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना परक्यांना दाखवायला काहीतरी अभिमानाचं मिळालं. कितागावा स्वतःही आजी-आजोबांच्या चेहऱ्यावरचा आनंद हेच मोठं उद्दिष्ट सांगतात. हे थोडं नाही. पण शाळा चालू असणं वेगळं आणि शाळेचं संग्रहालय होणं वेगळं. कुणी तुम्हाला या उदाहरणाचा दाखला देऊन शाळा बंद झाली तरी चालते असं सांगू लागलं, तर त्याला हा फरक विचारा.

याच तोकामाचीमध्ये आपल्या मातीचाही एक धागा आहे, तो सोडून कसं चालेल. उत्सव सुरू होण्याच्या १८ वर्षं आधी, १९८२ मध्ये, तोकियो हासेगावा नावाच्या संगीतकाराने इथल्या एका बंद शाळेच्या इमारतीत मिथिला संग्रहालय सुरू केलं. बिहारमधली मधुबनी चित्रं आणि आपली वारली चित्रं. नुसती आणून टांगली नाहीत, भारतातून चित्रकार बोलावले. ते महिनोन्‌महिने तिथे राहून चित्रं काढत. मधुबनीच्या गंगा देवी तिथे राहिल्या, आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसेही. वारली चित्रं पूर्वी लग्नघराच्या भिंतीवर, गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने, बायकांच्या हातून निघत. म्हसेंनी ती कागदा-कापडावर रोज काढायला सुरुवात केली आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. भातलावणी काढणारा हा माणूस बर्फाच्या गावात, भाताच्याच देशात, मुलांनी सोडलेल्या वर्गात बसून चित्र काढत होता. चौथीच्या मुलांना वारली शिकवताना त्रिकोण-त्रिकोणाची माणसं काढून घेऊन आपण थांबतो. हा नकाशा जोडून पाहा.

ज्या पालकांचे नातेवाईक टोकियोत आहेत किंवा जे स्वतः तिकडे राहतात, त्यांच्यासाठी: टोकियोहून जोएत्सु शिंकान्सेनने एचिगो-युझावा सव्वा-दीड तास, तिथून होकुहोकू मार्गाच्या गाडीने मात्सुदाई पाऊण तासाच्या आसपास. हिवाळ्यात बऱ्याच कलाकृती बर्फाखाली किंवा बंद असतात, म्हणून मे ते ऑक्टोबर बघा. मे-जूनमध्ये खाचरांत पाणी भरलेलं असतं, सप्टेंबरात पीक पिवळं. मुलांना चांगले बूट द्या, एका दिवसात फार ठिकाणं धरू नका, आणि बांधावरून चालताना खाचरात पाय जाणार नाही याची काळजी घ्या. ती कुणाचीतरी शेती आहे.

वर्गात घ्यायचं असेल तर दोन तासिका आणि एक दुपार पुरते. पहिल्या तासिकेत नकाशा आणि बर्फाची आकृती, दुसरीत काबाकोवांचं शेत आणि ताशिमांची शाळा. दुपारी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांच्या चौकटी कापून मुलांना शाळेबाहेर न्या. प्रत्येकाने चौकट डोळ्यापुढे धरून एक जागा निवडायची आणि तिथे कोणतं काम चालतं, ते कोण करतं, ते एका वाक्यात चौकटीवर लिहायचं. चित्र काढायला सांगू नका, आधी नुसतं पाहू द्या. आमच्याकडे एकाने गोठा निवडला, एकीने सार्वजनिक नळ, आणि तिघांनी न ठरवता एकच जागा निवडली: शाळेचं फाटक. त्यावर एकाने लिहिलं होतं, "इथे आई उभी राहते." त्या चौकटी अजून फाटकाला बांधून आहेत. पावसाळ्याआधी काढून ठेवाव्या लागतील. तुमच्या शाळेतल्या चौकटींवर मुलांनी काय लिहिलं, ते मला जरूर कळवा.